दादाची जुनी चाकं

छकुले,
तुझ्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डला हवेची मोठी चाकं बसवली आहेत. दिसायला बोजड आहेत, कुरकुर नको. खाणीजवळच्या उखडलेल्या रस्त्यावर ती खडीत अडकत नाहीत, आवाजही करत नाहीत.

दादाचा जीव तिथेच गेला, कडक, छोट्या चाकांमुळे. ती मीच निवडली होती. आता ट्रंकेत कुलूपबंद आहेत. तरी रोज दुपारी चारला तीच खडखड दारापर्यंत येते. आज ट्रंक उघडली, तर चाकांत ओली खडी रुतलेली.

ती चाकं खाणीत टाकून येतो. चारला आवाज आलाच, तर तू दार उघडू नकोस. आई उघडेल आणि म्हणेल, "पाय पुसून आत ये." रोज म्हणते. तिला अडवू नकोस.

बाबा