बिनआवाजाची बॅट

मस्तगड, जालना
कार्तिक वद्य ४, शके १८७५

तीर्थरूप दाजींच्या चरणी केशवच्या उजव्या हाताखेरीज उरलेल्या सर्वांगाचा साष्टांग नमस्कार. (उजव्या हाताला सध्या कोणापुढे जोडलं जाण्याची लायकी राहिलेली नाही, कारण पुढे येईल.) अक्काच्या गुडघ्यांना आता आराम असेल अशी आशा आहे. शरयूने तिच्यासाठी करडईच्या तेलाची बाटली भरून ठेवली आहे. आपला खोकला मुंबईच्या हवेचा आहे की विडीचा, हे एकदाचं ठरवावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून तेही लिहितो.

आपण मोठ्या खटपटीने पाठवलेली स्पंजची बॅट पोचली. आमच्या कचेरीमागच्या क्लबात निजामीतल्या कोण्या अफसराने मागे टाकलेलं टेबल आहे, हे आपण पाहिलं आहेच. त्यावर मी आणि कचेरीतल्या कागदांच्या नकला करणारे आमचे गिरिधरपंत गेली पाच वर्षं रोज संध्याकाळी टेबल टेनिस खेळतो आणि दिवाळीनंतरच्या सामन्यात दर वर्षी तेच जिंकतात. (वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, पोट सुटलेलं, धोतर नेसून खेळणारे!) त्यांचं मला एकच सांगणं असे, "केशवा, पाय हालव. बॅटकडं काय बघून राह्यला?" पण दाजी, माझे पाय देवाने मला घरून कचेरीत नेण्यापुरते दिलेले आहेत. तेव्हा मी बॅटीच सुधारायला घेतल्या. आधी रबर बदललं. मग त्यावर सायकलची ट्यूब चिकटवली. मग पॉलिश कागद लावला, त्याने दोन चेंडू सोलून निघाले. मग बाटलीच्या बुचाचे पातळ काप. प्रत्येक इलाजाने चेंडू थोडा निराळा उडून त्याच जाळीत जाई. घरी शरयू "नाचता येईना" एवढंच म्हणे आणि उरलेली म्हण तव्यावरच्या भाकरीला ऐकवी.

अशात गेल्या साली मुंबईत जगाचे सामने झाले. कोण्या जपान्याने जाड स्पंज लावून भल्याभल्यांना लोळवलं, याचं आपण चार पानी वर्णन धाडलं होतं. ती बॅट नव्हे, गादीच आहे आणि चेंडू लागला तरी हूं की चूं होत नाही, असं आपण लिहिलं होतं. माझ्या रोगावर हेच औषध, असं मी धरून बसलो. पुढे आपल्याला पत्र लिहिलं आणि आपण भोळेपणाने बॅट पाठवली.

सामना भाऊबीजेनंतरच्या रविवारी झाला. नवे साहेब खुर्ची टाकून बसले होते. मी पहिला चेंडू मारला. खरोखरच आवाज नाही. गिरिधरपंत बॅट उगारून उभे ते उभेच, आणि चेंडू त्यांच्या कानाजवळून निघून गेला. मला वाटलं, पाहा जपानी विद्या! लोक टाळ्या वाजवून राहिले होते. (साहेबांसमोर टाळी वाजवायला आमच्याकडे कारण लागत नाही.) बारा-एक असा गुण झाला तेव्हा पंतांनी मान तिरपी केली, जरा वेळ थांबले आणि मला विचारलं, "केशवा, टाकला का रे चेंडू?" चेंडू तेव्हा साहेबांच्या खुर्चीखाली पडलेला होता. सगळा क्लब हसला. साहेब तेवढे हसले नाहीत. मी एकवीस-तीनने जिंकलो, पितळी कप मिळाला, आणि त्या अवघ्या सामन्यात माझे पाय तसूभरही हलले नव्हते.

परतताना पंतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं शाबासकी असेल. पण तो हात घर येईपर्यंत निघालाच नाही. म्हणाले, "दोन वर्षं झाले, चेंडू दिसतच न्हाई. नुसता पांढरा भास व्हतो. तुझ्या बॅटचा टक्कन आवाज आला की समजायचं, किती जोरात अन् कुठं येऊन राह्यला. आज मंग कानाला काहीच न्हाई आलं." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षं त्यांच्या रमाबाई पहाटे कागद वाचून दाखवत आणि हे हाताच्या सवयीने नकला उतरवत. अक्षर महिन्यामहिन्याला मोठं होत चाललं होतं. कारकुनाला बढती नाही तर अक्षराला तरी मिळाली, अशी मी त्यांची थट्टा करायचो. मला तरी काय ठाऊक!

सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. महिनाभरात नजर बराबर असल्याचा डॉक्टरी दाखला आणा, नाहीतर घरी बसा. नोकरीची सात वर्षं उरली आहेत आणि घरात कमावता हात तेवढाच आहे. तेव्हापासून ते क्लबात येत नाहीत. मी जातो. टेबलापाशी उभा राहून एकटाच पाय हलवतो. कपात शरयूने रांगोळी भरून ठेवली आहे.

लहानांना आशीर्वाद. मोठ्यांना काय सांगावं ते सुचत नाही.

आपला अपराधी मेहुणा,
केशव

ता. क. आपण इस्पितळाच्या दफ्तरात आहात, डोळ्यांच्या डॉक्टरांशी आपलं बोलणं आहे. पुढच्या आठवड्यात पंतांना घेऊन येतो. ऑपरेशन होऊन पट्टी सुटेपर्यंत ते आपल्याकडेच राहतील. अक्काला सांगावं, त्यांना वांगं बिलकुल चालत नाही. ते यायला तयार नव्हते, मी पाय धरले तेव्हा कबूल झाले. वर मलाच म्हणाले, "तुझ्यामुळं उघडं तरी पडलं, केशवा. न्हाईतर मी लपवतच राह्यलो असतो. लई उपकार झाले तुझे." त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

पुन्हा ता. क. वर 'मला तरी काय ठाऊक' असं लिहिलं आहे ते खोटं आहे. ते आवाजावर खेळतात हे श्रावणात रमाबाईंनी शरयूला विश्वासाने सांगितलं आणि शरयूने मला. तिसऱ्या दिवशी मी आपल्याला बॅटसाठी लिहिलं. त्या पत्रात 'आवाज न करणारीच पाहावी' या शब्दांखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत. अक्का आलेली पत्रं तारेला अडकवून ठेवते. पंत येण्याआधी ते एवढं पत्र काढून जाळून टाकावं. आज त्यांना ते वाचता येणार नाही. ऑपरेशननंतर येईल.