चाळणीला लावलेला डाख

प्रिय सफा,

तुझे फोन वाजत राहतात, मी उचलत नाही. चौथी शिकलेल्या बापाचं अक्षर आहे, सावकाश लाव. पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. सोमवारी आळेफाट्याला किडनीच्या डॉक्टरांकडे येऊन गेलो. तुझं घर दोन गल्ल्यांवर होतं, तरी आलो नाही. रागावू नकोस.

लघवीला फेस येतो हे वर्षभर बघत होतो, साबणासारखा. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात आणि त्यांना बोटांसारख्या टोकांनी धरून बसलेल्या पेशी. त्या गळाल्या की पुन्हा होत नाहीत. मग रक्तातलं प्रथिन लघवीत जातं आणि मोकळ्या जागी व्रण धरतो, घट्ट, काही न गाळणारा. उरलेल्यांवर ताण येतो, त्याही सुटतात. मला ते लगेच कळलं. जुन्नरच्या बाजारात चाळीस वर्षं चाळण्याच दुरुस्त केल्या ना. फाटलेल्या जागी डाख लावला की भोक बुजायचं, पण तिथून पीठही पडायचं नाही. बाई जोरात चाळायची, शेजारची तार तुटायची, पुन्हा माझ्याकडे. खोडदच्या लंकाबाईंची चाळण शेवटी सगळी डाखानेच भरली. त्या म्हणाल्या, “उमरभाई, आता हिच्यावर भाकरी भाजू का?” सगळा बाजार हसला. मीही हसलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीकधी रक्तातून येतं, घरात आणखी कुणाला आहे का? मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

तू नऊ वर्षांची होतीस. सकाळी डोळे सुजून मिटलेले असायचे. तुला वाटतं ते उन्हाचं होतं. आम्हीच तसं सांगितलं. गोळ्यांनी सूज उतरली. दरवर्षी लघवी तपासा, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तुला स्थळ आलं तेव्हा तो कागद मी हत्यारांच्या पेटीत तळाशी घातला. तुझी अम्मी म्हणाली, “लपवू नका, पोर भोगील.” मी तिला गप्प केलं. ती गेली, कागद राहिला. गेल्या ईदला तू आलीस, डोळ्यांखाली तीच सूज होती. मी पाहिली आणि शिरखुर्मा वाढ म्हणालो. कागद सोबत पाठवतो आहे. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी तपासायला दे. लवकर कळलं तर उरलेलं बरंच सांभाळता येतं, असं डॉक्टर म्हणाले. जावयांनी विचारलं तर सांग, बापाने लपवलं, मला माहीत नव्हतं. रिपोर्ट आला की फोन कर. मी उचलीन.

तुझाच,
अब्बा