बाबांची दाढी घरी करून पाठवावी

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. खरोखर वाकले तर केसांतली चमकी कागदावर सांडते.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की आता तो घरचाच झाला? मी मजेत आहे. मजेत कसली, सुटले गं ताई, सुटले! नोकरी पक्की झाली. मामांच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकत बसायचं संकट टळलं. आईला तूच सांग. मी सांगितलं तर ती आधी 'काय गोंधळ घातलास' असंच विचारेल.

तर गोंधळ असा. बालवर्गावर मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, आणि ठेवायचं की नारळ द्यायचा हे मोठ्या बाई नाताळचा कार्यक्रम बघून ठरवणार होत्या. माझ्याकडे मुलं एकोणीस. हात प्रत्येकी दोनच, पण खळीची वाटी पुढे ठेवली की त्यांचे आठ होतात. सोमवारी कागदी साखळ्या केल्या. (त्यातली एक मोठ्या बाई दिवसभर पाठीवर घेऊन फिरल्या. सांगायचा धीर कुणाला होता?) मंगळवारी पुठ्ठ्याचे नाताळबाबा केले, लाल टोपी, गुलाबी गाल, दोन डोळे. एकाने पाच डोळे लावले, कारण एवढ्या मुलांवर लक्ष ठेवायला दोन कसे पुरतील? मला पटलं. उरली फक्त दाढी. पण मी कापसाची गुंडाळी सोडली मात्र, दहा मिनिटांत दाढी बाकांना, खिडकीला आणि एका मुलाच्या दोन्ही कानांत! म्हटलं, हात जोडले बाई, हे काम घरी जाऊ दे. चेहरे दप्तरांत कोंबले आणि एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या. कागद बोटभर, म्हणून 'नाताळबाबा'तला नाताळ गाळला. (मुलं नुसतं 'बाबा'च म्हणतात.) मजकूर हा असा: 'उद्याच्या कार्यक्रमासाठी बाबांची दाढी घरी करून पाठवावी. कापूस जवळ ठेवावा. एकट्याने जमत नसल्यास आईने मदत करावी.'

हसू नकोस. मी तीनदा वाचली होती.

दुसऱ्या दिवशी फाटकातून बाप आत यायला लागले. एक नाही, दोन नाही, झाडून सगळे! बसचे ड्रायव्हर, दातांचे डॉक्टर, बेकरीवाले, सगळ्यांच्या हनुवट्या सोललेल्या बटाट्यासारख्या. तिघांच्या हनुवटीवर खरोखरच कापूस होता. पुठ्ठ्याचे चेहरे मात्र दप्तरांतून गेले तसेच परत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पायाखालची जमीन सरकली ती त्याच क्षणी.

सगळ्यात शेवटी आले घड्याळं दुरुस्त करणारे. बारा वर्षांची दाढी, लग्नाच्या फोटोतही तीच, आणि ती सगळी सकाळी मोरीत वाहून गेलेली! त्यांची चिमणी आईचा हात धरून मागून आली आणि फाटकाच्या गजांना धरून बसली. हे माझे बाबा नाहीत, म्हणे. आईने समजावलं, फाटकावरच्या काकांनी समजावलं. घड्याळवाल्यांनी बिचाऱ्यांनी ओळखपत्र दाखवलं, तर त्यावर दाढी! पोरीने असा टाहो फोडला की मोठ्या बाई बाहेर आल्या. चिठ्ठी कुणी लिहिली, असं त्यांनी विचारलं. ताई, मला डोळ्यांसमोर बिजागऱ्या दिसल्या.

पण त्या घड्याळवाल्यांचा चेहरा बघवेना गं. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि खळीची वाटी घेऊन धावले. त्यांना मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि चिमणीच्या हातात कापूस दिला. ती हुंदके देत एकेक पुंजका चिकटवत गेली. गाल झाले, हनुवटी झाली, मग मागे सरून नीट बघितलं आणि गळ्यातच पडली. ते रडले, त्यांची बायको रडली, मी तर रडलेच. मग काय, अठरा जणांना आपापला बाप हवा! तासाभरात हॉलमध्ये एकोणीस नाताळबाबा बसले होते, आणि एकही पोर जागचं हललं नव्हतं. (एका बाबांच्या भुवयाही गेल्या कापसाखाली. चालायचंच.)

नंतर मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. मी सामान आवरूनच गेले होते. त्या म्हणाल्या, "आठ वर्षं सूचना लिहितेय, एक बाप वाचेल तर शपथ. तुझी एकोणीसच्या एकोणीस जणांनी वाचली. सोमवारपासून कायम." ताई, त्या रात्री मी दहा तास झोपले.

तुझी,
धाकटी

ता. क. चिठ्ठी मी मुद्दामच तशी लिहिली असं मोठ्या बाईंना वाटतंय. मीही 'हो, पुष्कळ विचार करून' असं म्हणून बसले आहे. तुझ्या पोटात राहू दे.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. सगळ्या शाळेच्या सूचना आता माझ्याकडे आल्या आहेत. तू छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतेस, तर माझी चिठ्ठी आधी नजरेखालून घालशील का? पुढच्या आठवड्यात मुलं कापसाचा बर्फमाणूस करणार आहेत, आणि नाकाला कात्री लागते म्हणून ते घरी पाठवतेय. मजकूर: 'मुलांच्या हाती कात्री देऊ नये. आईनेच बाबांना समोर बसवून नाक कापून द्यावे.' बाबांना अशासाठी, की त्यांनाही जरा कामात घ्यावं. मला तर यात काही चूक दिसत नाही. तरी उलट टपाली कळव, कारण चिठ्ठ्या मी आजच वाटल्या आहेत.