वाण घ्या, अंगठा द्या

दि. १२ जानेवारी
शालन, हे वाचणारी तूच. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहून लई हुशार झालीस, पण मागल्या खेपेला पिशवी हितंच टाकून गेलीस आणि पिशवीत चष्मा. तिकडं पोचून मलाच फोन, "आई, माझा चष्मा बघितलास का?" तुझ्या ध्यानात काय राहत न्हाय, म्हणून समदं लिहून ठेवायला लावते. अक्षर विजयाचं, जीभ माझी. मधी कुटं गोड लागलं तर ते सुनेनं घातलंय समज.

आपल्या बिअरच्या कारखान्यावर डल्ला. बाहेरच्या मोठ्या बाटलीवाल्या कंपनीनं गपचूप शेअर घेत घेत निम्म्याजवळ आणलेत. आता आपल्या गावच्या शेअरवर अडलंय. चोवीसला सोलापुरात सभा. त्यात आपले संचालक काढायचे, त्यांचे बसवायचे. मग बॉयलर बंद, बिअर दुसरीकडं. त्यांना पायजे बाटलीवरचं नाव आणि उजनीच्या पाण्याचा परवाना. तुझा भाऊ त्याच बॉयलरवर. दत्ता आज जेवला न्हाय. ताटाकडं बघत बसला.

जमीन आपली गेली तितं. बदल्यात शेअर. ते बी आता…

दि. १३, भोगी
मोहोळच्या चौकात विरोधाची सभा. कारखाना बचाव समितीचे अध्यक्ष आपले अण्णा, तालुक्याचे पुढारी. घसा फोडून ओरडले, "भूमिपुत्रांनो, त्यांना माझ्या प्रेतावरून जावं लागंल!" टाळ्या. मी बी वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

मागनं एक टगा म्हणतो, "म्हातारे, गावात बाटली आडवी केलीस, आणि हितं उभी कराय आलीस व्हय?" आमी बायांनी मतदान करून देशीचं दुकान बंद पाडलं, ते अजून झोंबतंय त्याला. म्हणलं, "ते तुझ्या बापाचं दुकान होतं. हा कारखाना माझ्या जमिनीवर हाय. पिणाऱ्यांची वकिली कराय न्हाय आले मी."

आणि कसले भूमिपुत्र? जमीन गेली तवाचे गडी समदे गेले. गावातले शेअर आता आमा विधवांच्या नावावर. स्टेजवर एक लुगडं न्हाय.

दि. १६
अण्णांच्या बायकोनं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. पाहुणी कोण? कंपनीच्या साहेबाची बायको. नवरा चौकात प्रेत व्हायला निघालाय आणि बायको घरात तिळगूळ वाटतीय!

विजया गेली होती. वाण म्हणून स्टीलचा डबा. "पोच म्हणून हितं सही करा, न येत असंल तर अंगठा द्या." समद्यांनी दिलं. विजयानं हौसेनं फोटो काढलेले, त्यात तो कागद. दत्तानं वाचला. पोच कसली, सभेत तुमच्या बदली कंपनीचा माणूस मत देईल, असं लिहिलेलं. विजया, मान वर कर. तुझी फजिती तुझ्याच हातानं लिही.

ही रडाय लागली आणि मी हसाय. अगं, सवाष्णींच्या नावावर शेअर हायेतच कुटं? आणि शेअर ज्यांचे, त्या विधवांना हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत की! एवढे डबे वाया.

हसून झालं. मग राग आला. लई आला.

दि. १९
शेअर विधवांचे, हे त्यांना कळलं. आज दोघी दारात, कुंकवाचं ताट घेऊन. अण्णांची बायको म्हणते, "मावशी, काळ बदलला. आता विधवांनाबी मान द्यायचा."

हिच्याच लेकीच्या लग्नात मला मागच्या पडवीत बसवलं होतं. ओवाळताना पुढं येऊ नका, म्हणून.

मी कपाळ पुढं केलं. "लाव की. अंगठा मातर मिळायचा न्हाय."

ताट तसंच घेऊन गेल्या. कुंकू लावलंच न्हाय.

दि. २१
सोनानं दिला अंगठा. सोना, माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं राहते. कळल्यावर शिव्या घेऊनच गेले. तर कपाळाला कुंकू, डोक्यात गजरा, आरशासमोर बसलेली. "आक्का, मला पाटावर बसवलं गं."

लग्नानंतरची पहिली संक्रांत यायच्या आत दीर गेला. हिला कुणी कधी बोलवलंच न्हाय. मी बी न्हाय, माझ्याच घरात हळदीकुंकू असताना.

तिच्यावर राग न्हाय. माणूस कशाला आसुसलंय ते हेरून तितंच हात घालतात, त्यांची तोंडं फोडावी वाटतात.

दि. २२
अण्णांचा फोन बंद. पुण्याला गेलेत म्हणं. समितीच्या हापिसाला कुलूप. प्रेतावरून जायचं तर प्रेत तरी सापडाय पायजे.

युनियनचा वकील दत्ताला म्हणाला, कागद दिला असला तरी शेअरवालीनं स्वतः सभेत येऊन मत दिलं, तर कागद बाद. दत्ताला म्हणलं, टेम्पो सांग. आमी बाया जाणार.

सोनाच्या दारात जाऊन सांगितलं, "उद्या न्हाय परवा. कुंकू पुसू नको, लावूनच चल." तिनं दार लावून घेतलं न्हाय.

दि. २३
साहेबाचा निरोप, आईला समजव, तुला कायम करतो. दत्ता खाली मान घालून म्हणतो, "आई, तू म्हणशील ते." म्हणलं, "बॉयलरच विझवणार, मग कायम कशावर करणार? राखेवर?" तवा कुटं हसला. जेवला बी.

बाकीच्या बाया पक्क्या. सोनाचं ठाऊक न्हाय. दुपारी तिचं ठेवणीतलं लुगडं वळणीवर दिसलं. आता ते उन्हाला घातलं का नेसायला काढलं, कसं इचारू? तिचा एक अंगठा इकडचा तिकडं झाला तरी…

शालन, ह्या पानाचा फोटो विजया आत्ताच तुला धाडतीय, उद्या सभेच्या दारात डबा घेऊन ये. कडक भाकरी नको, सोनाला दात न्हाईत. ज्वारीची मऊ भाकरी कर, शेंगाची चटणी दह्यात कालव, वांगं बिनतिखटाचं. डबा दोघींचा भर.