चौसष्ट स्लाइड्स आणि बाबांच्या सह्या

भोपाळ,
३ मार्च २००३

तीर्थस्वरूप विलासमामा यांना,

वैजयंतीचा वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? तुम्ही शाळेचा जिना पायऱ्या मोजत चढता असे सुमित्रामामींनी आईला फोनवर सांगितले, तेव्हापासून आई आमच्या क्वार्टरच्या पायऱ्या मोजू लागली आहे (सतरा आहेत, रोज). मामींचे लिंबाचे लोणचे बरणी न फुटता पोचले. पत्र सहजच लिहिते आहे, काही काम नाही.

दिवाळीत मी वर्ध्याला आले होते तेव्हा तुम्ही शाळेसाठी कापडावर पचनसंस्थेचा तक्ता रंगवत होतात आणि लहान आतड्याला कोणता रंग द्यावा यात अडकला होतात. त्या वेळी मी काहीतरी बोलले होते. "मामा, तक्त्यांचे दिवस गेले, आता सगळे संगणकावर," असे काहीसे. तुम्ही ब्रश धुवायला घेतलात. ते तुमच्या लक्षातही नसेल. माझ्याही नाही, म्हणूनच फक्त चार ओळींत लिहिले.

तर नोकरीबद्दल. कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे आणि ते या महिनाअखेर संपते. आमचे सक्सेनासाहेब जो अहवाल लिहितील त्यावर मी कायम होणार की घरी बसणार हे ठरेल. साहेबांनी मला क्रेनवाले आणि स्लिंगर (म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझे बांधणारी माणसे) यांच्यासाठी सुरक्षिततेवर अर्धा तास बोलायला सांगितले. मला का? तर माझ्याकडे संगणकाच्या तीन महिन्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र आहे आणि केंद्रात नुकताच प्रोजेक्टर आला आहे. दोन्ही गोष्टी आतापर्यंत कोणी वापरल्या नव्हत्या.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे मला वाटते की ज्ञान हे आपल्यापाशीच येऊन थांबले आहे आणि ते पुढे ढकलणे आपले कर्तव्य आहे. या माणसांवर आजवर नुसते ओरडले गेले, त्यांना कोणी नीट समजावून सांगितले नाही, असा विचार करून माझ्या डोळ्यांत पाणी आले (खरेच आले, शेजारच्या टेबलावरच्या लीलाताईंनी पाहिले). साहेबांनी दहा स्लाइड्स सांगितल्या होत्या, मी चौसष्ट केल्या. मागे सूर्यास्त. अक्षरे चारी कोपऱ्यांतून गिरक्या घेत येत आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत मलाच गरगरायचे. शेवटच्या स्लाइडवर एक हसरे आजोबा बागेत आरामखुर्चीत बसलेले, बाजूला नातवंडे आणि खाली ओळ, 'सुरक्षित काम, सुखी घर'. तिथे टाळ्यांचा आवाज घातला. आवाज घालताना एक बटण दाबायचे असते, मी त्याच्या शेजारचे दाबले. त्याने तो आवाज चौसष्टही स्लाइड्सना लागू होतो. ऑफिसच्या संगणकाला स्पीकर नसल्यामुळे हे मला कळले नाही. हॉलमध्ये मात्र दोन स्पीकर आहेत आणि ते लग्नात शोभतील एवढे आहेत.

कार्यक्रम पहिल्या पाळीनंतर ठेवला होता. माणसे पहाटेपासून कामावर, नुकतीच जेवलेली, हॉल अंधारा आणि थंडगार. बाबा पहिल्या रांगेत. सत्तावीस वर्षे क्रेन चालवणारा माणूस, पण त्या दिवशी युनिफॉर्मला इस्त्री स्वतः करून आला होता, आणि शॉपमध्ये (म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये) कोणी विचारो न विचारो, आज माझी मुलगी शिकवणार आहे असे सगळ्यांना सांगून झाले होते. नवव्या स्लाइडपर्यंत बाबा सोडून एकोणचाळीस माणसे झोपली. स्लाइड बदलली की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, माणसे दचकून उठायची आणि कार्यक्रम संपला असे समजून सौजन्याने टाळ्या वाजवायची. टांगलेल्या ओझ्याखाली माणूस उभा आहे, वर स्लिंग (ओझे बांधायचा दोर) तुटते आहे, हे माझे सर्वांत भयंकर चित्र. त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

पण मला खरा अभिमान हँडआउट्सचा, म्हणजे वाटायच्या कागदांचा, होता. एका पानावर डावीकडे तीन स्लाइड्स आणि उजवीकडे टिपणे काढायला कोऱ्या ओळी. प्रत्येकाला बावीस पाने, स्टेपल मी मारली. मामा, मी या टाउनशिपमध्ये लहानाची मोठी झाले, तरी मला सुचू नये? इथे छापील कागदावर कोरी ओळ दिसली की तिचा अर्थ एकच, सही करा. आणि सध्या तर स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज घराघरांत चालू आहे. युनियनच्या गोपीनाथभाईंनी गठ्ठा शेवटच्या पानापासून उघडला. आरामखुर्चीतले हसरे आजोबा, शेजारी सहीच्या ओळी. ते उभे राहिले.

"बिटिया, ये लाइनें काय के लिए हैं?"

मी टिपणांचे महत्त्व सांगू लागले. तोवर चाळीस गठ्ठे टेबलावर परत आले होते. कोणी रागावले नाही, फक्त सगळे हात मागे बांधून उभे राहिले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होते.

तेव्हा बाबा उठले. एक गठ्ठा घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या पानावर नाव, टोकन नंबर, तारीख, सही. मग दुसऱ्या पानावर. गोपीनाथभाई म्हणाले, "नारायण, पढ़ तो लो।" बाबांनी मान वर केली नाही. "लड़की ने दिया है," म्हणाले आणि बावीस पाने पुरी केली. (ती खरोखरच स्वेच्छानिवृत्ती असती तर बाबा बावीस वेळा निवृत्त झाले असते.) मग बाकीच्यांनीही सह्या केल्या आणि सगळे कागद मलाच परत देऊन घरी गेले. हँडआउट म्हणून एकही पान बाहेर गेले नाही.

सक्सेनासाहेब मात्र खूश. चाळीस माणसांच्या आठशे ऐंशी सह्या, म्हणजे प्रशिक्षण झाल्याचा एवढा पुरावा केंद्रात कधीच नव्हता. अहवाल उत्तम लिहितो म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी एक स्लिंगर टांगलेल्या ओझ्याखाली जाऊन उभा राहिला. बाबांनी क्रेन थांबवून भोंगा वाजवला. तो म्हणाला, कल इसी फोटो पे तो ताली बजी थी.

मी साहेबांकडे गेले आणि सांगितले की कोणी काही शिकलेले नाही. आई म्हणते, शिकलेल्या माणसाला गप्प बसायला कोण शिकवणार. साहेबांनी चहा खाली ठेवला, म्हणाले, ठीक आहे, वीस तारखेला शॉपमध्ये उभी राहून शिकव, तिथे प्रोजेक्टर नाही, मी ऐकेन आणि मगच अहवाल लिहीन.

त्या संध्याकाळी बाबांना विचारले, तुम्हाला तरी काय कळले? बाबा म्हणाले, "तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला." मग उठून त्यांनी वरणाच्या पातेल्याच्या दोन्ही कड्यांना सुतळी बांधली आणि पातेले उचलले. हात जवळ तोवर सुतळी निवांत, हात फाकवले तशी ती ताणत गेली. स्लिंग फाकली की तेच ओझे तिला जड होते, हे मी नऊ स्लाइड्समध्ये सांगितले होते आणि मला ते त्या क्षणी कळले. पुढच्या क्षणी सुतळी तुटली. त्या दिवशी आम्ही भात लोणच्याशी खाल्ला, म्हणून मामींचे विशेष आभार.

मामींना नमस्कार. अच्युतदादाला तो मोठा म्हणून नमस्कार आणि तुमचा मुलगा असून तुमच्या गुडघ्याला तेल लावत नाही म्हणून थोडा राग.

तुमची,
वैजू

ता. क. अच्युतदादा सोळा तारखेला भोपाळला येतोच आहे. त्याच्या हाती कापडावरचे सहा तक्ते पाठवता येतील का? शॉपमध्ये चहाच्या जागेशेजारी टांगायचे आहेत, वीस पावलांवरून दिसावेत. काय काढायचे ते बाबांनी सांगितले आणि मी सोबत जोडले आहे. ओझ्याखाली उभ्या माणसाला तो रंग द्या जो तुम्ही शेवटी लहान आतड्याला दिलात. तो मला अजून आठवतो.

ता. क. दुसरा. दिवाळीत जे बोलले ते सगळे लक्षात आहे.

ता. क. तिसरा. तक्त्याखाली कोरी जागा सोडू नका. बाबा सही करतील.