तेल लावलेलं एक डोकं

वाडी, जळकोटजवळ
फाल्गुन, मंगळवार

तीर्थरूप वन्सं उमाबाई यांच्या पायांवर डोकं ठेवून मथुरेचा नमस्कार. (डोकं कोरडंच आहे, तुमच्या पायाला तेलकटपणा लागायचा नाही, निश्चिंत असा.) इकडं सगळं ठीक आहे, म्हणजे विहीर सोडून सगळं. टँकर एक दिवसाआड येतो आणि आल्यावर जी भांडणं होतात त्यानं गावाचा वेळ बरा जातो. तुमचे बंधू बैलांबरोबर चारा छावणीत मुक्कामाला आहेत. भाकरी पोहोचती करायला गेलं की आधी बैलांची खुशाली सांगतात, मग स्वतःची, आणि माझी विचारायची बहुधा राहून जाते. तुमचे गुडघे कसे आहेत? मुदतीच्या तापानंतरचा अशक्तपणा गेला का? दाजींना नमस्कार सांगा. सोलापुरात तुमच्या नळाला रोज पाणी येतं असं ऐकलं, ते खोटं असलं तरी आम्हाला तसं कळवू नका, इथं कुणाला तरी कुठं तरी पाणी येतंय एवढ्याचाच आधार आहे.

पत्र लिहायचं कारण घाणा. तुम्हाला ठाऊकच आहे, दोन वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी तेलाची सोसायटी काढली आणि गावच्या शेडमध्ये बाभळीचा घाणा बसवला. त्याच्या आधी आम्ही सगळ्या रोजगार हमीवर खडी फोडत होतो. ज्या बाईनं दोन उन्हाळे खडी फोडली तिला घाण्याचा आवाज भजनासारखा गोड लागतो, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. आता मोठ्या सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांना ते शेड छावणीचा कडबा ठेवायला हवंय. दिवाळीनंतर ते स्वतः आले, घाण्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की बायकांचं तेल काही खपत नाही, तेव्हा जागा अडवू नका. खपत नव्हतं हे खरं होतं. हायवेला नळदुर्गापासून खाली जाईल तिथं गिरणीचे डबे स्वस्तात मिळत होते, गावातल्या चार चुलींपलीकडं आमच्या घाण्याचं तेल कोण घेणार? पण शेड गेलं की घाणा उघड्यावर, आणि घाणा उघड्यावर गेला की आम्ही परत खडीवर. वन्सं, मला त्या खडीवर परत जायचं नाही. माझ्याबरोबर घाण्यावर असते त्या कडूबाईलाही नाही, कुणालाच नाही. म्हणून मी तात्यारावांना तिथंच सांगितलं, आम्ही खायचं तेल बंद करतो आणि डोक्याला लावायचं तेल काढतो.

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही कळलं नाही, पण तुम्हाला कळेल. त्याच दिवाळीला तुम्ही आला होतात आणि चार दिवस डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागं घट्ट खोचून बसला होतात. न्हाणीच्या दारात मी तुम्हाला पाहिलं. तापानं केस किती गेले ते पाहिलं आणि पाणी ठेवून मागं फिरले. (माझ्या लग्नात तुम्ही माझी वेणी चारचौघींत हातात धरून, ही वेणी का उंदराची शेपटी, असं विचारलं होतंत. ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी मला ते आठवून आनंद झाला नाही, हेही खरं सांगते.) तुमचे ते गुडघ्यापर्यंतचे केस सासूबाईंच्या तेलाचे होते. सासूबाई ते तेल तुम्हाला शिकवत होत्या तेव्हा मी सून म्हणून भांडी घासत होते, आणि भांडी घासणाऱ्या बाईला कान नसतात असा त्यांचा समज होता. माका, जास्वंद, मेथी, वाळा, सगळं मला पाठ आहे. सासूबाई म्हणायच्या, तेल म्हणजे नुसती गाडी, औषध आत बसून जातं. तेव्हा गाडी बरी हवी, एवढाच प्रश्न होता.

गाडी निवडताना जे झालं ते तुमच्या बंधूंच्या डोक्यावर झालं. पहिल्यांदा एरंडेल घेतलं. सकाळी उशी त्यांच्याबरोबरच उठली. मग कुणी तरी करंजाचं सांगितलं, त्यानं कातडीचे सगळे रोग जातात. रोगांचं माहीत नाही, त्या वासानं तुमचे बंधू घरातून गेले. रात्री गोठ्यात निजायला गेले तर खिलाऱ्या बैल दावं ताणून लांब जाऊन उभा राहिला. (छावणीत राहायला ते इतक्या आनंदानं का गेले, ते आता तुमच्या लक्षात येईल.) तिळाचं चांगलं, पण तीळ या सालात दिसायला पाहिजेत. खोबरेल थंडीत दगड होतं. शेवटी कडूबाईनंच डोळे उघडले. म्हणाली, रानात जे उभं आहे ते सोडून गावभर काय हिंडायचं? पाऊस नाही, ज्वारी करपली, पण करडई उभी होती, आणि तिच्या भरवशावर लोकांनी गेल्या सालची पोती मोकळी केली. काट्यांमुळं जनावर तोंड लावत नाही आणि काळ्या रानातल्या ओलीवर तिचं भागतं. अशी हट्टी बाई गावात दुसरी नाही असं मला म्हणायचा सगळ्यांचा रिवाज आहे, म्हणून करडई मला आधीपासून आवडते. तेल निघालं पातळ, चिकट नाही, गोठत नाही, तळहातावर चोळलं की मुरतं.

तेल निघालं म्हणजे आम्हीच काढलं. घाण्याचा बैल छावणीत, तेव्हा आम्ही पाळीपाळीनं जू खांद्याला लावलं. गावातली पुरुष मंडळी बघायला जमली, आणि बघून झाल्यावर हात लावतील म्हणून मी थोडा वेळ थांबले, पण त्यांना कामं होती. माका मिळाला तो फक्त हापशाच्या सांडपाण्याशेजारी, बाकी शिवारात हिरवं असं काही नाहीच. जास्वंदीचं झाड गावात एकच जिवंत होतं, ते तात्यारावांच्या अंगणात. त्यांच्या मंडळी मालनबाई आमच्या सोसायटीत सभासद आहेत, त्यांनी पहाटे फुलं परसदारानं आणून दिली. त्या महिन्यात तात्यारावांच्या गणपतीला फूल मिळालं नाही, आणि दुष्काळात झाडं फुलत नाहीत असं ते चावडीवर सगळ्यांना सांगत होते.

पहिली बाटली संक्रांतीला तुम्हाला पाठवली, ती तुम्हाला मिळाली. बाकीच्या गावात विकायला ठेवल्या. सुटं तेल कुणालाही द्यायचं नाही, घाण्याचं सगळं तेल बाटल्यांतच जाईल, असा ठराव मीच मांडला आणि मीच मंजूर केला. तात्यारावांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, पाडव्याच्या आत बाटल्या खपल्या तर शेड बायकांचं. वन्सं, माघ संपायच्या आत एक बाटली शिल्लक राहिली नाही. माझ्या वाटणीची होती तीसुद्धा मी विकली. मी चालताना जमिनीला पाय लावत नव्हते. फक्त एक गोष्ट खटकायची, गावात कुणाचंही डोकं तेलकट दिसत नव्हतं. मला वाटलं, करडईचं आहे, मुरलं असेल. एवढं चांगलं तेल काढल्याबद्दल मी माझीच पाठ थोपटून घेतली.

मग कडूबाईच्या भाचीची सुपारी फुटली, लोहाऱ्याला. आम्ही सगळ्या जीपनं गेलो. पंगत बसली, भजी आली. पहिला घास घेतला आणि मला सासूबाई आठवल्या. म्हणजे अगदी समोर येऊन बसल्यासारख्या, न्हाऊन, केस मोकळे सोडून. वाळ्याचा वास, माक्याचा कडवटपणा, रंगही जरा हिरवट. शेजारच्या पंगतीत तात्याराव बसले होते, ते तिसऱ्यांदा भजी मागून घेत होते आणि यजमानांना मसाला कुठला म्हणून विचारत होते. मी हात न धुता उठून चुलीकडं गेले. तिथं आमच्या बाटल्या ओळीनं उपड्या घातलेल्या, शेवटचा थेंब कढईत उतरावा म्हणून. कडूबाई झारा घेऊन उभी.

मी खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली, झारा हलवत. मग म्हणाली, "बाई, पोरं रेशनच्या पामतेलाला तोंड वाकडं करत्यात. घाण्याचं तेल त्यांनी लई दिवसांत बघितलं न्हाय. जू म्या वढायचं, आन् तेल म्या डोस्क्यावर वतायचं? माझ्या हातनं न्हाय झालं ते."

मी तोंड फुगवून पानावर परत जाऊन बसले. भजी मात्र खाल्ली. वाईट नव्हती.

गावात आल्यावर मी घरोघर हिंडले. ज्या घरात जावं तिथं बाटली तिखटमिठाच्या डब्याशेजारी. धुरपदाबाईनं तर दाराआडून सांगितलं की मेथी घातलेली असल्यामुळं फोडणीला मेथी वेगळी लागत नाही, हे फार सोयीचं केलंस. मालनबाईंकडं बाटली देवापाशी दिसली म्हणून मी हरखले, तर त्या समईत घालत होत्या. म्हणाल्या, फुलं देवाचीच होती, देवाला परत नको का द्यायला? तात्पर्य काय, आपलं तेल गावानं खाल्लं, पाजळलं, एका घरात दाराच्या बिजागरीलाही घातलं, पण लावलं कुणी नाही. मला राग यायला हवा होता. पण राग कुणावर धरायचा? सुटं तेल बंद करणारी मीच. पोटाला तेल नाही आणि मी डोक्याचं सांगत हिंडत होते.

हे सगळं तात्यारावांच्या कानावर गेलं. (पोटात तर आधीच गेलं होतं.) काल ते शेडमध्ये आले, घाण्याच्या लाटेच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाटल्या खपल्या, व्हय, मानलं. पर डोक्याचं तेल म्हनून खपल्या न्हाईत. गावात एक तरी डोस्कं दावा, ज्याला ह्ये लागलंय. ऐतवारच्या सभेत दावा. न्हाय तर सोमवारी कडबा येतोय."

त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं. मलाही त्यांचं म्हणणं पटलं, माझं डोकं बघून कुणी तेल घेणार नाही. पण मी त्यांना सांगितलं, दाखवते. आता दाखवते म्हटलं म्हणजे दाखवणार. घाणा इथून हलला तर मी त्याच्यावर बसून हलेन. आम्ही काल सभासद बायकांनी बसून नवा ठरावही केला आहे, अर्धं तेल खायला सुटं द्यायचं आणि अर्धं डोक्याला बाटलीत, म्हणजे कुणाला चोरून फोडणी द्यायला नको. तेव्हा काळजी करू नका. तुमच्याकडं माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी लिहिल्या. मुलांना आशीर्वाद, दाजींना पुन्हा नमस्कार.

तुमची भावजय,
मथुरा

ता. क. रिकामी झाली असेल तर बाटली परत पाठवा. बाटल्यांची फार टंचाई आहे.

ता. क. पाठवण्यापेक्षा स्वतःच घेऊन या. रविवारी सकाळच्या एस.टी.नं. वन्सं, स्पष्टच लिहिते. गावात ज्याला हे तेल लागलंय असं डोकं नाही, गावाबाहेर एकच आहे, ते तुमचं. सभेत भावकीतले माझे सासरे-दीर, म्हणजे तुमचे काका-भाऊ सगळे बसलेले असणार, आणि त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. तरीही सांगते, या, माझ्याशेजारी उभ्या राहा आणि डोक्यावरचा पदर खाली घ्या. केस किती आलेत ते मला माहीत नाही. बोटभर असले तरी चालतील. कुणी हसलं तर मी आहे, आणि कडूबाई जू घेऊन दारात उभी राहणार आहे.

ता. क. तुम्ही येणार असं मी तात्यारावांना कालच सांगून टाकलं. आज सकाळी दवंडीही झाली. तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटत नाही, म्हणून आधी विचारलं नाही.

ता. क. हे पत्र पोस्टात न टाकता बसवराज कंडक्टरच्या हातात देते आहे, उत्तर त्याच्याच हाती द्या. आत्ता पाकीट चिकटवताना तुमचं संक्रांतीनंतरचं कार्ड पुन्हा काढून वाचलं. त्यात एवढंच आहे, "तेल पोचलं. फार छान होतं. सगळ्यांना आवडलं." वन्सं, हे सगळे कोण? सगळ्यांच्या डोक्याला लावलंत ना? काय असेल ते खरं कळवा, मी रागावणार नाही. आणि तळलंच असेल तरी रविवारी या. येताना भजी घेऊन या, पुष्कळ आणा. तात्यारावांना तीच आवडतात, आणि त्यांचं तोंड भरलेलं असताना मी ठराव मांडणार आहे.