कोऱ्या रकान्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यार्थी वाचनसवयी संशोधन व शालेय मूल्यमापन प्रकल्प,
प्रादेशिक कार्यालय.

अर्जदार : तकेबर मिंत लेम्राबुत, वय सत्तरीच्या पुढे (नेमके वय कार्यालयाच्या उपयोगाचे नाही), राहणार तिनझारा, जुन्या मशिदीमागील घर.

विषय : नात तसलम मिंत यहदीह, इयत्ता सहावी, हिच्या प्रकट वाचन चाचणीतील शून्य काढून तो रकाना कोरा ठेवणेबाबत, व माध्यमिक प्रवेश परीक्षेच्या यादीत तिचे नाव पूर्ववत घेणेबाबत.

संदर्भ : १) तसलम हिस दुसरीच्या वर्गात बसविण्याचा आपला आदेश. २) अर्जदारांचा पहिला अर्ज. ३) त्यास आलेले आपले तीन ओळींचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार यांनी याच विषयावर पूर्वी एक अर्ज केला होता. त्याचे उत्तर तीन ओळींत आले. अर्जदारांच्या घरी कोणी शेळीची तब्येत विचारली तरी याहून मोठे उत्तर दिले जाते. पहिला अर्ज थोडक्यात होता, म्हणून कदाचित तसे झाले असावे. हा अर्ज सविस्तर आहे. तो कृपया उभ्याने वाचू नये.

२. तसलम ही अर्जदारांचा मुलगा मयत यहदीह याची एकुलती मुलगी. वय बारा. तिची आई घटस्फोटानंतर नुआदिबू शहरी दुसऱ्या घरी सुखाने नांदत असून तिच्याविषयी तक्रार नाही. मयत यहदीह गेल्या उन्हाळ्यात, खजूर उतरण्याच्या दिवसांत, जुन्या पुस्तकांची एक पेटी दुरुस्तीसाठी राजधानीस घेऊन गेला होता. परतताना गाडी उलटली. पेटी घरी आली. यहदीह यास रिवाजाप्रमाणे जेथे गेला तेथेच, रस्त्याच्या कडेला, त्याच दिवशी दफन करण्यात आले. दाखला जोडला आहे. या बाबीवर अर्जदारांचे अधिक काही म्हणणे नाही.

३. आपले सर्वेक्षक श्री. सीदाती हे थंडीत घरी आले. मुलगा सभ्य आहे. चपला बाहेर काढून आला. गुडघ्यावर पाटीएवढे यंत्र ठेवून त्याने विचारले, ‘आजी, घरात तुमच्या मालकीची पुस्तकं किती?’ अर्जदारांनी सांगितले, ‘एकही नाही.’ ‘एकसुद्धा नाही?’ ‘एकदा सांगितलं ना बाळ. चहा घे, गार होतोय.’ श्री. सीदाती यांनी शून्य नोंदविले. त्या वेळी ते ज्या पेटीस पाठ टेकून बसले होते ती गळ्यापर्यंत पुस्तकांनी भरलेली होती, आणि खोलीत तशाच आणखी सहा पेट्या होत्या. उठताना ते म्हणाले, ‘पेटी झकास आहे हो आजी, पाठीला काय आधार देते!’

अर्जदारांनी दिलेले उत्तर खरे होते व आजही खरे आहे. ही पुस्तके यजमानांच्या खापरपणजोबांनी वाचणाऱ्यांसाठी वक्फ केलेली आहेत. ती विकता येत नाहीत, भावाभावांत वाटता येत नाहीत, आणि आपली म्हणता येत नाहीत. अर्जदारांकडे केवळ लाकडी किल्ली आहे. मालकी विचारली, मालकी सांगितली. ‘या पेट्यांत काय आहे?’ असे कोणी विचारले असते तर तेही सांगितले असते. तो प्रश्न यंत्रात नव्हता.

त्यानंतर तसलमला विचारण्यात आले, ‘घरी तुला कोणी गोष्ट वाचून दाखवतं का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ हेही खरे आहे. तिला कोणी वाचून दाखवीत नसे. वाचून दाखविणारी तीच होती.

या दोन खऱ्या उत्तरांची बेरीज करून आपल्या कार्यालयाने अर्जदारांच्या दारावर ‘वाचनवंचित घर’ अशी पिवळी चिठ्ठी चिकटविली आहे आणि चित्रांच्या पुस्तकांचे एक खोके पाठविले आहे. त्यांत बर्फात खेळणाऱ्या सशांची माहिती आहे. खोके मागितले नव्हते, तरी ते कोरड्या जागी ठेवले. दात घासण्याविषयीचे पुस्तक शेळीने खाल्ले, त्याबद्दल दिलगिरी नाही. चिठ्ठी वाऱ्यावरच्या वाळूने निम्मी झिजली आहे. उरलेली आपल्या माणसाने येऊन काढावी, अर्जदार तिला हात लावणार नाहीत.

४. आता घरातील वाचनाविषयी, कारण आपले संशोधन त्याविषयीच आहे असे समजते.

रोज संध्याकाळी चहाचा दुसरा पेला झाला की मयत यहदीह पेटीतून एक पुस्तक काढी आणि तसलम त्यातील एक पान मोठ्याने वाची. तो डोळे मिटून ऐके. चूक झाली की तो खोकत असे. बोलत काही नसे. ती तेवढेच वाक्य पुन्हा वाची. कधी तो नुसताच खोके, कारण त्याला वाळूचा खोकला होता, आणि मग ती चिडून म्हणे, ‘बाबा, हा कुठला खोकला? माझा की तुमचा?’ तो म्हणे, ‘हा माझा. वाच पुढे.’ हे ती सहा वर्षांची असल्यापासून चालू होते. अर्जदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे घरात इतके दिवस जे काही वाचले गेले ते तिच्या आवाजात. पेटी घरी आली त्या दिवसापासून तिने मोठ्याने वाचलेले नाही.

ती बोलते. हे आपल्या कार्यालयास नीट समजलेले नाही, म्हणून पुन्हा लिहिले जाते. ती बोलते, हाका मारते, शेळ्यांना नावे ठेवते, भात खारट झाला तर तसे तोंडावर सांगते. शाळेतील लेखी काम वेळेवर करते, व देद्दाह मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे सहावीत तिच्याइतके नीटनेटके कोणी लिहीत नाही. तिच्यापुढे कागद धरून ‘वाच’ म्हटले की मात्र ती त्या कागदाकडे बघत राहते.

अर्जदारांनी यावरून घरात रडारड केलेली नाही. चहा पूर्वीइतकाच होतो. दुसऱ्या पेल्यानंतर सगळे थोडा वेळ तसेच बसतात, मग तिसरा ओततात.

५. चाचणीच्या दिवशी श्री. सीदाती यांनी तसलमपुढे एक उतारा ठेवला व घड्याळ सुरू केले. एका मिनिटात किती शब्द मोठ्याने वाचले जातात ते मोजावयाचे होते. ती बोलली नाही. नियम असा आहे की मूल एखाद्या शब्दापाशी थबकले तर थोडी वाट पाहावी, तो शब्द चुकला असे लिहावे व पुढील शब्दावर बोट ठेवावे. पहिली पूर्ण ओळ याप्रमाणे गेली की चाचणी बंद करून शून्य द्यावे. तसे करण्यात आले. अर्थात, तोंडातून एक अक्षर न काढता अर्जदारांच्या नातीने पहिल्या ओळीतील प्रत्येक शब्द चुकीचा वाचला, अशी आपल्या दप्तरी नोंद आहे. अर्जदारांनी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसे पाहिली. न बोलता इतक्या चुका करणारे त्यांत कोणी नव्हते.

उताऱ्यानंतर अर्थाचे प्रश्न असतात असे कळते. ते तिला विचारण्यात आले नाहीत, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला अर्थ विचारण्याची सोय नाही. उताऱ्यात काय होते हे अर्जदारांनी आपल्या कार्यालयास विचारले असता, साधन गोपनीय असल्याने दाखविता येत नाही, असे उत्तर मिळाले. नातीला विचारले नाही. ती आपणहून सांगत नाही.

६. आपल्या तीन ओळींच्या उत्तरात असे म्हटले आहे की हे साधन अनेक देशांत तपासून घेतलेले आहे, ‘शांत राहिली’ असा पर्याय त्यात नाही, आणि फेरचाचणी केवळ मुक्या अथवा बहिऱ्या मुलांस दाखल्यावरून मिळते. अर्जदारांस खोटे चालत नाही. तरी देद्दाह मास्तर म्हणाले, ‘आजी, दाखवून तर बघू, डॉक्टर आपलाच आहे.’ म्हणून तसलमला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, घसा पाहिला, आणि दाखल्याचा कागद पुढे ओढला. तेवढ्यात ती म्हणाली, ‘डॉक्टरकाका, तुमच्या खिशात पेन गळतंय. सगळा सदरा निळा झाला.’ डॉक्टरांनी कागद परत ठेवून दिला. आपल्या कार्यालयातील लिपिकास मास्तरांनी हे फोनवर कळविले, तेव्हा तो म्हणाला, ‘बोलते ना? मग तिला वाचायला सांगा की!’ याप्रमाणे अर्जदारांची नात मुकी नसल्यामुळे तिला दाखला नाही, आणि दाखला नसल्यामुळे ती निरक्षर आहे.

७. आदेशाप्रमाणे तसलम सध्या दुसरीच्या वर्गात बसते. तिचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत, म्हणून ती तिरकी बसते. लहान मुलांचा तिच्यावर जीव आहे. ती त्यांच्या पेन्सिली तासून देते. एकीने विचारले, ‘ताई, तू इतकी मोठी कशी झालीस?’ ती म्हणाली, ‘खजूर खाऊन. तूही खा, नाहीतर तिसरीत जाशील.’ तक्रार तिने केलेली नाही. तक्रार अर्जदारांची आहे.

प्रवेश परीक्षेची यादी या महिनाअखेर बंद होते. यादीत नाव नसल्यास तिची शाळा येथेच संपते. येथे बारा वर्षांची मुलगी दुसरीच्या बाकावर दिसली की लोक तिच्या शिक्षणाचा विचार सोडून लग्नाचा धरतात. एक घर विचारायला येऊनही गेले. त्यांना बसविले, दोन पेले चहा दिला आणि तिसरा ओतला नाही. याचा अर्थ येथे सर्वांना कळतो. परंतु अर्जदार किती दिवस तिसरा पेला रोखून धरतील हे त्यांच्या वयावर अवलंबून आहे, आणि वय वर नमूद केलेले नाही.

८. विनंती पुढीलप्रमाणे आहे. तसलमला वाचता येते असे आपण लिहावे, अशी विनंती नाही. आपल्या माणसाने ते ऐकलेले नाही, आणि न ऐकलेले लिहू नये. तिला गुण द्यावेत अशीही विनंती नाही. शून्य काढून तो रकाना कोरा ठेवावा, एवढीच विनंती आहे.

जुने पुस्तक उतरवून घेताना जेथे वाळवीने शब्द खाल्लेला असतो तेथे आमच्याकडे उतरविणारा माणूस तेवढी जागा कोरी सोडतो. पदरचा शब्द घालीत नाही, आणि येथे शब्दच नव्हता असेही लिहीत नाही. नंतर कधी दुसरी प्रत मिळाली तर कोणीतरी ती जागा भरतो. काही जागा शंभर वर्षे कोऱ्या आहेत. त्यामुळे पुस्तक बाद झालेले नाही.

प्रवेश परीक्षा लेखी असते. तीत कोणास काही वाचून दाखवावे लागत नाही. तिला त्या परीक्षेस बसू द्यावे. तेथे नापास झाली तर अर्जदार आपल्या दारी पुन्हा येणार नाहीत. संशोधनासाठी आपणास पेट्या पाहावयाच्या असल्यास किल्ली अर्जदारांकडे आहे. येताना हात धुवून यावे, व पिवळी चिठ्ठी काढण्यास माणूस बरोबर आणावा.

९. शेवटची बाब शिक्क्याविषयी. अर्जावर ‘मजकूर वाचून दाखविला व तो बरोबर आहे’ असे लिहिण्याची पद्धत आहे. अर्जदारांनी आजवर वाचून न घेतलेल्या कागदावर शिक्का उमटविलेला नाही. दिरांनी वाटणीचा कागद आणला होता, तो तीन वेळा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा परत केला. हा अर्ज अर्जदारांनी तोंडाने सांगितला व तसलमने लिहिला. लिहून झाल्यावर अर्जदारांनी तिला म्हटले, ‘आता वाच.’ दुसरा पेला झालेला होता. ती कागद हातात धरून बसली. वाऱ्याने कागदाचा आवाज होत होता, त्यावरून तो तिच्या हातात आहे हे कळत होते. चहाला आलेले देद्दाह मास्तर म्हणाले, ‘आणा, मी वाचतो.’ त्यांना नको म्हणून सांगितले. हे ज्याने लिहिले त्याने वाचावे, नाहीतर कोणी वाचू नये.

तरी वरील मजकूर अर्जदारांस वाचून दाखविण्यात आलेला नाही. तो बरोबर आहे. शिक्का खाली उमटविला आहे.

आपली, वयाने मोठी,

तकेबर मिंत लेम्राबुत
(शिक्का)

तिनझारा, मंगळवार, ११ मार्च

सोबत : १) मयत यहदीह याचा मृत्यूचा दाखला. २) तसलमची सहावीची लेखनाची वही. देद्दाह मास्तरांना ती परत हवी आहे. ३) चित्रांच्या पुस्तकांचे खोके, एक पुस्तक कमी.

लिहिणारीची ओळ

आमच्याकडे पुस्तक उतरवून झाले की उतरवणारा शेवटी आपले नाव लिहितो आणि चुकांची माफी मागतो. हा अर्ज यहदीहची मुलगी तसलम हिने लिहिला. आजी सांगत गेली तसा लिहिला. फक्त सीदाती साहेबांबद्दलचा एक शब्द गाळला आहे. बाकी चुका माझ्या, माफ कराव्यात.

उतारा गोपनीय आहे हे मला वर लिहितानाच कळले. पण तो माझ्या लक्षात राहिला आहे. तो असा :

संध्याकाळ झाली आहे. सालेम दारात उभा आहे. आज त्याचे बाबा शहरातून परत येणार आहेत. लांबवर गाडीचा दिवा दिसतो. सालेम आजीला हाक मारतो. गाडी दारापाशी येऊन थांबते.

इथवर वाचले. मग साहेबांनी कागद काढून घेतला. बाबा अजून उतरले नव्हते.